मॅडमनी केस घेतली

राज्यशास्त्राच्या बाईंना कॉलेजात कोणी घाबरत नाही आणि कोणी त्यांच्याकडे शिकवणीही लावत नाही. नाशिकच्या आमच्या कॉलेजात मी एकोणीस वर्षं हा विषय शिकवते आहे, तेव्हा हे तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगते. तृतीय वर्षाला जागतिक राजकारणाचा पेपर असतो. माझ्याआधी तो शिकवणाऱ्या सरांची वही इतकी जुनी होती की तिच्यात शीतयुद्ध अजून चालू होतं. निवृत्त होताना त्यांनी ती मोठ्या प्रेमाने माझ्या हातात ठेवली. मी घरी जाऊन ती माळ्यावर टाकली.

माझी पद्धत वेगळी होती आणि तिचा मला गर्व होता. दर वर्षी मी जगात त्या वेळी चालू असलेलं एखादं प्रकरण निवडायची आणि वर्षभर वर्ग त्याच्यामागे लावायची. संपून पुस्तकात जाऊन बसलेलं नाही, ज्याचा शेवट मलाही माहीत नाही असं. फळ्यावर चौकटी काढायच्या. या प्रकरणात पक्ष कोण कोण, प्रत्येकाचं हित काय, प्रत्येकाच्या हातात काय आहे, आणि ते त्याने केव्हा वापरलं. याला आम्ही केस स्टडी म्हणायचो, आणि बोलण्यात नुसतं ‘केस’. ‘मॅडम, यंदा कोणती केस घेतली?’ असं स्टाफ रूममध्येही विचारायचे. मीही ऐटीत सांगायची.

त्या वर्षी मी समुद्र घेतला होता. ज्या देशांवर तेल विकायला बंदी आहे, ते जुनाट जहाजांतून गुपचूप तेल पाठवतात, जहाजं नावं बदलतात, झेंडे बदलतात, अशा बातम्या सारख्या येत होत्या. पहिल्या तासाला कळवणहून आलेल्या एका मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला. दर वर्षी कोणीतरी विचारतंच. “मॅडम, आपल्याला याचा काय उपयोग?” मी म्हटलं, “तुमच्या शेतातला कांदा बोटीत बसून परदेशी जातो की नाही? मग बोटींचं काय चाललंय ते नको कळायला?” वर्ग हसला. असे हशे माझ्याकडे तयार असायचे.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी थांबली. ही सातपूरहून यायची. वर्गात कधी तोंड उघडायची नाही, पण वही आरशासारखी. वडील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मशिनवर, आई घरी शिवणकाम करणारी, एवढं मला ठाऊक होतं.

“मॅडम, माझा दादा अशाच जहाजावर आहे,” ती म्हणाली.

दादा आयटीआय झालेला फिटर. इथे कंत्राटावर दोन कारखाने फिरला, मग कोणा एजंटमार्फत जहाजावर इंजिनाजवळ लागला. ते जहाज अडीच महिने आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. पोटात बंदीचं तेल. मालक फोन उचलत नव्हता. बंदर आत घेत नव्हतं आणि जाऊही देत नव्हतं. बावीस माणसं वर, त्यातली बरीच आपल्याकडची, आणि कोणालाच उतरायची परवानगी नाही.

आता खरं सांगायला हवं. मला आनंद झाला. ती मान खाली घालून बोलत होती आणि माझ्या डोक्यात फळा भरत चालला होता. वर्तमानपत्रात चार ओळींत येतं ते प्रकरण माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसलेलं होतं. असं भाग्य एकोणीस वर्षांत कधी आलं नव्हतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “काळजी करू नकोस. तुझ्या दादाची केस मी घेते.”

तिने मान वर केली. “खरंच घेता मॅडम?”

“उद्यापासून,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सहा चौकटी काढल्या. पहिली मालकाची. मालक म्हणजे एका देशात नोंदवलेली कंपनी, तिचा पत्ता दुसऱ्या देशातली टपालपेटी, आणि फोन तिसऱ्याच देशात वाजायचा. दुसरी चौकट झेंड्याची. ज्या बेटाचा झेंडा जहाजावर होता ते नकाशात शोधायला आम्हाला भिंग लागलं, आणि त्या बेटाने तर हे जहाज आमचं नाहीच असं कळवून हात झटकले होते. तिसरी तेल विकणाऱ्या देशाची, चौथी त्याच्यावर बंदी घालणाऱ्या देशाची, पाचवी बंदराच्या देशाची. सहावी माणसं पुरवणाऱ्या एजंटची. मध्ये एक लांबट जहाज. मला चित्र काढता येत नाही, ते पडवळासारखं दिसत होतं.

वर्ग रंगला. नांदगावची पॅसेंजर पकडायला तास बुडवणारी मुलंसुद्धा थांबायला लागली. कळवणची ती मुलगी आता हट्टाने वाद घालायची. “तेल उतरवून घ्या आणि माणसं सोडा. एवढं सोपं आहे ना मॅडम?”

“उतरवून घेतलं की बंदीचं तेल घेतलं असं होतं. मग घेणाऱ्यावर बंदी.”

“मग निदान माणसं तरी सोडा.”

“तेलाने भरलेलं जहाज रिकामं सोडता येत नाही. बुडालं, फुटलं, तर किनारा खराब होईल. कोणीतरी वर पाहिजे.”

“म्हणजे माणसं तेलाची राखण करायला ठेवलीत,” ती म्हणाली. मी म्हटलं, बरोबर, आणि सगळ्यांना ते वाक्य लिहून घ्यायला लावलं.

सातपूरची मुलगी रोज तासाच्या आधी मला ताजी खबर द्यायची. दादा व्हॉट्सअॅपवर बोलून निरोप पाठवायचा. जहाज किनाऱ्याकडे वळलं की रेंज यायची, तेव्हा. पण ती ते निरोप मला कधी ऐकवायची नाही. स्वतः ऐकून मग तोंडी सांगायची. मी एकदोनदा म्हटलं, अगं लाव ना, वर्गालाच ऐकवू, त्याचा आवाज येऊ दे. ती म्हणायची, “नको मॅडम, आवाज नीट येत नाही त्याचा.” मला वाटलं, लाजते.

एक दिवस तिने सांगितलं की पिण्याचं पाणी संपत आलंय. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरतात आणि उकळून पितात. मी खडू उचलला आणि बंदराच्या चौकटीत लिहिलं, ‘पाणी: दबावाचे साधन.’ खाली रेघही मारली. ती मुलगी वहीत उतरवून घेत होती. तिचं अक्षर त्या दिवशीही नीटच होतं.

मग आखातात खरोखरच ठिणगी पडली. दोन देशांनी एकमेकांवर क्षेपणास्त्रं सोडायला सुरुवात केली आणि त्यांची जायची वाट बरोबर त्या समुद्रावरून. दादाने सांगितलं की रात्री आकाशातून आगीच्या रेघा जातात, आणि आम्ही तेलावर बसलोय. मी चौकटींच्या वर एक मोठी बाणाची खूण काढली. वर्गाला म्हटलं, “आता केस खरी तापली.”

हे वाक्य मी म्हटलं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी स्टाफ रूममध्ये एकटी वह्या तपासत होते. दारात एक गृहस्थ उभे राहिले. अंगावर कारखान्याचा निळा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल, पहिली पाळी संपवून थेट आलेले. चपला बाहेर काढायला लागले तेव्हा मी ओरडले, अहो असू द्या. ते मुलीचे वडील होते. मी खुर्ची दिली. ते कडेला टेकले.

“मॅडम, केस कुठवर आली?” त्यांनी विचारलं.

मला केवढं बरं वाटलं. मुलगी घरी जाऊन शिकलेलं सांगते, आणि बाप पाळीवरून उतरून ते विचारायला येतो. मी खुलले. “छान चालली आहे. आता मालक नेमका कोण, तिथे आलोय.”

“घावला का मालक?”

“त्यावर दोन मतं आहेत.”

त्यांनी मान हलवली. “मंग तारीख कधी लागंल?”

“तारीख कसली? मार्चपर्यंत चालेल. परीक्षेच्या आधी संपवू. घाई करून उपयोग नसतो, यात खोलात जावं लागतं.”

त्यांचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. “मार्च? मॅडम, पोरगं तवर राहील का? पाणी नाय तिथं. वरून बाँब चाललेत. तुम्ही थोडं लवकरचं बघा ना. काय लागंल ते करू आम्ही.” आणि त्यांनी फाइल उघडून माझ्या वह्यांवर ठेवली. पासपोर्टची झेरॉक्स, खलाशाच्या नोंदणी-पुस्तकाची झेरॉक्स, एजंटने दिलेला कागद, दोन फोटो. “वकीलपत्रावर सही करायची राहिली ना आमची, म्हणून आलो. पोरगी म्हणती, लागंल तवा मॅडम सांगतील. पण म्हटलं आपणच जावं.”

वकीलपत्र. मी घेतली ती केस आणि हा माणूस तीन आठवडे उशाशी घेऊन झोपला ती केस, या दोन वेगळ्या होत्या. सातपुरात काय आणि कॉलेज रोडला काय, शिकलेला माणूस ‘केस घेतो’ म्हणाला की त्याचा एकच अर्थ होतो. तो आपल्या बाजूने उभा राहणार. मराठी माझीही भाषा आहे. मला हा अर्थ माहीत नव्हता असं नाही, मला तो आठवला नाही.

मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचं सांगितलं. “जहाजावरच्या दुसऱ्या एका पोराच्या घरून फोन आलता. लांबचे हायेत, हिंदीत बोलत होते. म्हणले, सगळ्या घरांनी मिळून सरकारला एकच अर्ज करायचा, तुमची सही अन् कागद पाठवा. आम्ही नाय पाठवले.”

“का नाही पाठवले?”

“आता आमची केस तुमच्याकडं. एका केसला दोन वकील केले की केस बिघडती. तुम्हाला राग आला असता.”

“आणि तो अर्ज?”

“गेला म्हणे परवा. सगळ्यांच्या सह्या झाल्या. आमची एकट्याची नाय.”

मी त्यांना पाणी दिलं आणि बसवून ठेवलं. मग कॉरिडॉरमध्ये जाऊन मुलीला शोधून काढलं. ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसली होती. मी इतक्या जोरात बोलले की शिपाई बाहेर आला. “तू घरी काय सांगितलंस? मी तुझ्या दादाची कोर्टात केस लढवतेय असं सांगितलंस? केस स्टडी म्हणजे काय ते तुला माहीत नाही?”

“माहीत आहे,” ती म्हणाली. लगेच, आढेवेढे न घेता. “मी घरी जाऊन म्हटलं, मॅडमनी दादाची केस घेतली. तुम्ही म्हणालात तेच. आईला वाटलं, तुम्ही सोडवणार. मी सांगणार होते मॅडम. पण त्या दिवशी आई जेवली. चार दिवसांनी पहिल्यांदा भाकरी खाल्ली तिने.”

ज्या रागाने मी आले होते तो तसाच उलटा फिरून माझ्यावर आला. तिने सांगितलं नाही हा तिचा दोष, वीस वर्षांच्या मुलीचा. मी अठरा दिवस रोज तिच्याकडून खबर घेतली आणि एकदाही विचारलं नाही की तुमच्या घरून कोणी काही करतंय का. हा दोष कोणाच्या चौकटीत टाकायचा?

पाच वाजता मी माझी स्कूटर काढली आणि त्या बापलेकीच्या मोटारसायकलमागे सातपूरला गेले. पाळी बदलायची वेळ, त्र्यंबक रोड बसेस आणि कामगारांनी भरलेला. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीशी शिलाई मशिन, त्यावर अर्धवट ब्लाउज. मुलीची आई मला बघून उठली. “या मॅडम, या,” म्हणत तिने मशिनसमोरची खुर्ची पदराने पुसली. मग मी काही सांगायच्या आत मोबाइल पुढे केला. “परवाचा निरोप हाय त्याचा. तुमच्यासाठीच हाय. पोरीनं ऐकवला का नाय?”

मुलगी भिंतीकडे बघत होती. आईने बटण दाबलं. घरघर, वारा, आणि एका तरुण मुलाचा अगदी स्वच्छ आवाज. “आई, मॅडमना विचार ना, केसचं काय झालं. इथं सगळ्यांना सांगितलंय मी, आपली केस कॉलेजच्या प्रोफेसरबाई बघतायत. घाई नको म्हणावं, पण विचार.”

मग मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसण्याची हिंमत नव्हती. मी वकील नाही. मी कोर्टात गेले नाही, कोणाला पत्र लिहिलं नाही. मी मुलांना जगातलं राजकारण शिकवते, आणि शिकवायला म्हणून तुमच्या मुलाची हकीकत घेतली. तिलाही आम्ही केसच म्हणतो.

आई चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिला खरंच कळत नव्हतं. “म्हंजे तुम्ही काहीच नाय केलं?”

“नाही.”

“मंग इतके दिवस फळ्यावर काय लिहीत होता?”

मग ती आत गेली आणि तिने चहा ठेवला. तो चहा मला नको होता, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

तिथेच, त्या मशिनच्या पाटावर, मी अर्ज लिहिला. इंग्रजीत एक, मराठीत एक. जहाजाचं नाव, क्रमांक, झेंडा, मालकाचा पत्ता, बंदराचे नियम. या सगळ्याची माहिती मला तोंडपाठ होती, तीन आठवडे तीच तर शिकवत होते. दोन पानी अर्ज पाऊण तासात झाला. पाऊण तास! वडिलांनी सही केली. सगळ्या घरांचा अर्ज जमवणाऱ्या त्या दूरच्या कुटुंबाला मी फोन लावला. तिकडून एक वयस्कर आवाज हिंदीत म्हणाला, बेटी, यादी तर गेली, आता वेगळी पुरवणी द्यावी लागेल, आणि ती हातोहात द्या, मेलवर राहिलात तर राहूनच जाल.

दोन दिवसांनी सीबीएस स्टँडवरून सकाळच्या बसने मी आणि ते मुंबईला गेलो. त्यांचा खाडा पडला, माझी रजा. बसमध्ये ते खिडकीशी बसले. घाट उतरल्यावर म्हणाले, “मॅडम, एक विचारू? ते मालकावर दोन मतं हायेत म्हणालात. कोणती?” मी सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. “म्हंजे खरा मालक कोणालाच नको हाय,” ते म्हणाले. माझ्या वर्गात हे कोणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

सरकारच्या जहाजवाहतूक कार्यालयातला अधिकारी माणूस बरा होता. त्याने कागद नीट बघितले, शिक्का मारला, नाव पुरवणी यादीत घातलं. मग चष्मा काढून म्हणाला, “पहिली यादी बंदराकडे गेलीय. बदली माणसं मिळतील तशी सुटका. आधी पहिली यादी.”

“यांचं नाव तीन-चार दिवसच उशिरा आलंय,” मी म्हटलं.

“मला समजतं. पण यादी ती यादी.”

बाहेर येऊन वडील जिन्यात थांबले. मला वाटलं, आता मला बोलतील. बोलावंच, म्हणून मी थांबलेही. त्यांनी फाइल काखेत मारली आणि विचारलं, “तुम्ही सकाळपासून काय खाल्लं का?”

बारा दिवसांनी पहिल्या यादीतली नऊ माणसं उतरली. त्यातल्या एकाचा बाप म्हणजे तो फोनवरचा वयस्कर आवाज. त्याने मला आपणहून फोन करून सांगितलं आणि तो रडला. मीही रडले, पण माझं रडणं वेगळं होतं. दादा वरच होता. बदली माणसं थोडीच चढली, तशी त्याच्या पाळ्या दुप्पट झाल्या.

आणि त्यानंतर चौथ्या दिवशी त्या बंदरावर हल्ला झाला. सकाळी टीव्हीवर नुसता धूर. कोणतं जहाज, किती, काही कळत नव्हतं. मी सातपूरला फोन लावला. वडील एवढंच म्हणाले, “लागत नाय त्याचा.” तो दिवस गेला, दुसरा उजाडला, तरी लागेना.

त्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले, कारण घरी बसवत नव्हतं. सातपूरची मुलगी आली नव्हती. आत शिरले तर फळा आधीच भरलेला. माझी वाट न बघता मुलांनीच सहाच्या सहा चौकटी काढल्या होत्या, माझ्यापेक्षा सुबक. बंदराच्या चौकटीवर लाल खडूने स्फोटाची खूण होती. एकजण उत्साहाने म्हणाला, “मॅडम, आता विम्याची कंपनी सातवा पक्ष होऊ शकते का?”

प्रश्न उत्तम होता. हेच तर मी त्यांना शिकवलं होतं.

“पुसा,” मी म्हटलं. कोणी हललं नाही. “पुसा ते सगळं!” मी ओरडले, आणि डस्टर मिळेना म्हणून हातानेच पुसायला लागले. पडवळासारखं ते जहाज माझ्या तळहाताखाली फासलं गेलं. कळवणची मुलगी उठून आली आणि काही न बोलता ओढणीच्या टोकाने उरलेला फळा पुसू लागली. आम्ही दोघींनी तो कोरा केला. मग मी खुर्चीत बसले आणि तास संपेपर्यंत तशीच बसून राहिले. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो. माझं काहीच जळत नव्हतं, आणि तरी मी तीन आठवडे त्या जाळावर हात शेकले होते, हे तेव्हा मला कळत होतं.

संध्याकाळी भाजी निवडताना मोबाइल वाजला. मुलीचा मेसेज होता. दोनच शब्द. ‘आवाज आला.’

तो पाच आठवड्यांनी उतरला, दुसऱ्या खेपेत. सुटका माझ्या अर्जाने झाली असं मी म्हणणार नाही, त्याचं नाव पहिल्या यादीत असतं तर ती आधीच झाली असती. मी त्याला एकदाच पाहिलं, कॉलेजच्या फाटकाशी, बहिणीला घ्यायला आलेला. शर्ट अंगावर लोंबत होता. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, जावं, निदान माफी मागावी. मी दोन पावलं टाकलीही. त्याने हसून हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, “मॅडम, थँक्यू हां!” त्याला अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. फाटकाशी गर्दी होती, मागचे हॉर्न वाजवत होते, आणि मी नुसते हात जोडून उभी राहिले.

मार्चमध्ये वर्षाच्या कामाच्या फाइली आल्या. प्रत्येकाने आपली केस स्टडी लिहायची, वीस गुण. मी ते जहाज सक्तीचं ठेवलं नव्हतं, कोणी घेणार नाही असंच वाटलं होतं. सातपूरच्या मुलीने घेतलं होतं. तेच स्वच्छ अक्षर. संबंधित पक्ष, हित, हातात काय, केव्हा वापरले. सहा पक्ष तिने मी शिकवले तसेच, माझ्याच शब्दांत लिहिले होते. मी पान उलटलं.

‘सातवा पक्ष: राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका. हित: चांगली केस मिळणे. हातात काय: प्रकरणाची पूर्ण माहिती, इंग्रजीत अर्ज लिहिता येणे, अधिकाऱ्यांशी बोलता येणे. केव्हा वापरले: अठरा दिवसांनी.

‘आठवा पक्ष: मी. हित: आईने जेवावे. हातात काय: केस या शब्दाचे दोन्ही अर्थ माहीत असणे. केव्हा वापरले:’

पुढे तिने काही लिहिलं नव्हतं. पूर्णविरामही नव्हता.

मी लाल पेन घेतलं आणि त्या कोऱ्या जागेत लिहिलं, ‘विचारल्याबरोबर.’ मग पेन वरच्या ओळींवर नेलं. सातव्या पक्षापुढे मला काहीही खोडता आलं नाही.